एकोणीस नंबरची खिडकी

विश्वास ठेवा, नका ठेवू. या वयात खोटं बोलून मला काय मिळणार?

गेल्या वर्षीची २० डिसेंबर. ल्यूसर्न. संध्याकाळचे पाच, पण अंधार पडलेला.

मी रेगुला. परदेशी पाहुण्यांना पायी गाव दाखवते. डिसेंबरात आमच्या आळीत रोज एका घराची खिडकी सजते, तारखेप्रमाणे एक ते चोवीस. लागलेला दिवा मग नाताळभर विझत नाही.

एकोणीस नंबर शेजारच्या मार्ग्रिटताईचा. काळा कागद कातरून चित्रं करायची, बघत राहावं अशी.

ऑक्टोबरात ती गेली. आदल्या दिवशी म्हणाली, "माझी खिडकी अंधारात ठेवू नकोस हं."

"नाही गं ताई."

शब्द दिला... आणि पाळला नाही. दिवसभर चालून पायांचे तुकडे पडायचे. कोण कातरत बसणार? यादीतून एकोणीस खोडून टाकलं.

त्या संध्याकाळी सात पाहुणे होते. अठरा नंबर दाखवून मी त्यांना थेट विसाकडे नेलं. त्यांच्यातल्या मागे रेंगाळलेल्या ग्रासाबाई धापा टाकत आल्या.

"अहो, एकोणीस का गाळलात? त्यात तर तुम्हीच आहात!"

"चेष्टा नका करू हो. आधीच पाय गेलेत माझे."

तरी मागे गेले.

खिडकीत उजेड होता...

काळ्या कागदाची माणसं, रांगेनं. पुढे कंदील धरलेली, डावा खांदा पडलेली बाई. मीच! मागे सात जण. आणि सगळ्यांच्या शेवटी... काठी टेकत आठवं कुणीतरी. डोक्याला ताईचा रुमाल.

ताईच्या घराची किल्ली माझ्याच खिशात होती. दार उघडलं. आत गारठा, अंधार, टेबलावर धूळ. कागदाचा कपटाही नाही.

बाहेर आले... उजेड तसाच.

"ताई, चुकलं गं माझं!" भर रस्त्यात रडले मी.

रोज पाहुणे बदलले, चित्रातली रांग तीच. काठीवाली मात्र रोज पुढे सरकत होती. तेवीसला अगदी माझ्या पाठीशी.

चोवीसला... कंदील तिच्या हातात होता.

मी रांगेत नव्हते. बाजूला पायरीवर बसले होते, मान खाली घालून.

"बस गं घटकाभर, मरशील चालून चालून," ताई नेहमी ओरडायची. तिनं माफ केलं, की बोलावलं? देव जाणे.

यंदा कागद आणलाय, कातरही आणलीय. उद्या एकोणीस तारीख.

पण कातरायचं तर बसावं लागतं.

पाय ठणकतायत हो. तरी सकाळपासून मी उभीच आहे.