विजयाताईंच्या हातची

खर्र... खर्र... दुपारच्या गाढ शांततेत सिलेवर, म्हणजे पाट्यावर, दगडी लोढा फिरू लागला आणि लतिकाच्या मांडीवर निजू घातलेली पाच वर्षांची वैदेही टक्कन जागी झाली.

"बाबा काय वाटतात?"

"ठंडाईचे बदाम. उद्या घाटावर ठंडाईचा मेळा आहे ना."

"आई, तुमचं लग्न विजयानं जमवलं असं आत्याआजी म्हणते. कोण विजया?"

लतिकानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. मुकुलची पाठ तेवढी दिसत होती. पण कान? कान इकडेच होते...

सात वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, लतिका साताऱ्याहून काशीला आली ती शरदिनीआत्याचा हात मोडला म्हणून. दूधविनायकच्या गल्लीत आत्या एकटीच राहायची. महिनाभर लतिकानं तिचं घर सांभाळलं. होळी झाली की परतायचं होतं. बाबांनी एका इंजिनिअरचं स्थळ पक्कं करत आणलं होतं. लतिकानं जाऊन नुसती मान हलवायची, एवढंच उरलं होतं.

रंगभरी एकादशीच्या आदल्या दिवशी आत्यानंच तिला संकठा घाटावर पिटाळलं. "जा, ठंडाई चाखून ये. माझं प्लास्टर काय बघत बसतेस!"

घाटावरच्या अंगणात नऊ घडे मांडले होते, एकेका गल्लीतल्या एकेका घरचे. गळ्यात झेंडूची माळ, माळेत नावाची चिठ्ठी. सगळ्यांची चव घ्यायची आणि आवडेल त्या घड्यापुढे फूल ठेवायचं. सुरुवात कुठून करावी, लतिकाला कळेना.

"पहिल्यांदा आलात? मग ढुंढिराजकाकांपासून सुरू करा," मागून आवाज आला. "मिरी अशी झणझणीत, की माणूस खोटं बोलूच शकत नाही."

ती वळली. दुमडलेल्या बाह्या, केशरानं पिवळी झालेली बोटं... आणि डोळे. बोलायच्या आधीच हसणारे.

तो मुकुल. आत्यापासून दोन घरं सोडून राहणारा, शाळेत गणित शिकवणारा. एकेका घड्याशी तो तिला नेत गेला. ढुंढिराजकाकांची मिरी घशात पेटली. वेणीमाधव गुरुजींच्या गुलाबानं ती विझवली. कुणाची बडीशेपेची, कुणाची खरबुजाच्या बियांची, सायीसारखी मऊ...

"दूध तेच, बदाम तेच, आणि घरागणिक चव वेगळी!" लतिका हरखून म्हणाली.

शेवटच्या घड्यावर चिठ्ठी होती, 'श्रीराम – विजया'.

"अय्या, किती छान! यांनी बायकोचंही नाव लावलंय. मला विजयाताईंच्या हातची द्या ना."

मुकुलनं ओठ घट्ट मिटले. "विजयाताईंच्या... हातची?"

"हो. बायकांचा हात वेगळाच असतो."

"सच आहे. विजयाताईंचा हात तर भल्याभल्यांना जागेवरून उठू देत नाही."

तो घड्यांमागे गेला, वाकला, पेला भरून घेऊन आला. मग दुसरा. आणि लतिकाला काय झालं कोण जाणे! समोरून जाणाऱ्या बकरीला ती हसली, नावेला हसली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुझे डोळे ना, बोलायच्या आधीच हसतात... मला साताऱ्याला जायचंच नाहीये!"

घरी आत्यानं धड असलेला हात कपाळाला लावला. "अगं वेडे, विजया म्हणजे भांग! इथं तिला मानानं तसं म्हणतात!"

लतिका लाजून अर्धी झाली. आणि जरा सुटलीही... म्हणजे ती मी नव्हतेच!

दुसऱ्या दिवशी मुकुल लिंबू घेऊन आला. "विजयाताई उतरल्या का?" त्यानंतर आत्याचं वर्तमानपत्र घेऊन. त्यानंतर काहीच न घेता. आत्यासाठी गंगाजल आणायला ती पंचगंगा घाटावर निघाली, की हाही निघायचा. तिथल्या उभ्या पायऱ्या उतरताना तो नेहमी एक पायरी पुढे... तिचा पाय घसरलाच तर.

शेवटच्या संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर तो थांबला.

"उद्या गाडी."

"हं."

"एक विचारू? त्या दिवशी बोललात... ते तुम्ही, का विजया?"

लतिकानं भरलेला लोटा घट्ट धरला. सातारा, बाबा, इंजिनिअर... "विजया," ती म्हणाली. "मी कशी असं बोलेन?"

पहिल्यांदाच त्याचे डोळे हसले नाहीत.

"मग माझाही एक गुन्हा ऐका. त्या घड्यातली मी तुम्हाला दिलीच नव्हती. नव्या गावात एकट्या आलेल्या... मन झालं नाही. आमच्या घरची दिली. दूध, बदाम, केशर. बस."

"दोन्ही पेले?"

"दोन्ही."

"मग ते सगळं—"

"बिलकुल तुमचंच."

लोट्यातलं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. "आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तोंड लपवून बसला असतात. विजयाच्या आड निदान रोज भेटत तरी होतात..."

आता लतिकाला आड लपायला कुणीच नव्हतं.

"मुकुल."

"जी?"

"तुझे डोळे बोलायच्या आधीच हसतात. आणि मला साताऱ्याला जायचं नाहीये." तिनं लोटा पुढे धरला. "बघून घे, यात नुसती गंगा आहे."

साताऱ्याला फोन आत्यानं लावला. बाबांचा आवाज म्हणे बूथबाहेर पानवाल्यालाही ऐकू गेला. पण दोन दिवसांनी त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगा गणितच शिकवतो ना?"

"झाली गोष्ट," लतिका म्हणाली.

वैदेही कपाळाला आठ्या घालून विचारात पडली होती.

"पण आई, पेल्यात विजया नव्हतीच ना?"

"नव्हती."

"मग तू एवढी हसत का होतीस?"

लतिकानं मुकुलच्या पाठीकडे पाहिलं. स्वयंपाकघरातला लोढा केव्हाचाच थांबला होता.