लेकीचं रक्त जुळलं

"ताई, पोरीचं रक्त जुळलं गं!..." असं म्हणत धाकटी बहीण उंबऱ्यातच हुंदके देऊ लागली, तेव्हा शिलाई मशीनवरून न उठता ताईने बहिणीच्या हातातल्या नव्या फ्रॉककडे एकदाच पाहिलं. जन्मभर लोकांची मापं घेणाऱ्या त्या नजरेला लगेच कळलं... सहा वर्षांच्या मुलीचं माप! आणि पोर तर दहाची झाली होती.

"कुणासाठी आणलास? शेजारणीच्या मुलीसाठी?" तिने विचारलं.

सहा वर्षांपूर्वी मुलगा झाला, तेव्हा याच बाईने "दोन लेकरं झेपत नाहीत, आणि तुला तरी कुठे मूल आहे?" असं म्हणत, जुनी गादी देऊन टाकावी तशी चार वर्षांची लेक तिच्या दारात आणून सोडली होती! त्यानंतर पोरीच्या तापातसुद्धा फिरकली नाही... आणि आता त्या मुलाच्या रक्ताला दुर्धर रोग लागला, त्याला सख्ख्या बहिणीच्या, नवं रक्त घडवणाऱ्या मूळपेशी हव्या झाल्या, तपासणीसाठी पोरीचं रक्त नेलं, तेव्हा या मातृहृदयाला अचानक पाझर फुटला! त्या अश्रूंची ताईला किळस आली. पण अंतःकरणाच्या तळाशी भयही होतं... कागदोपत्री आई हीच. उद्या पोरीला घेऊन गेली तर?

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दोघींना गप्प करून पोरीलाच विचारलं, "तुला नको असेल तर नको म्हण. कुणी रागावणार नाही."

"भाऊ बरा होईल ना? मग घ्या. पण नंतर मला मोठ्या आईकडेच जायचंय."

मूळपेशी रक्तात उतराव्यात म्हणून चार दिवस इंजेक्शनं झाली. पोरीची हाडं ठणकायची, ती पाठ शेकत बसायची, आणि बहीण दाराशी स्फुंदत उभी!

"तुझ्या रडण्याने तिचं दुखणं कमी होतंय का? हो बाजूला!"

पाचव्या दिवशी पोरीच्या दोन्ही हातांत सुया गेल्या. एका नळीतून रक्त यंत्रात जात होतं आणि मूळपेशी वेगळ्या काढून दुसऱ्या नळीतून परत येत होतं. चार तास हात हलवायचे नव्हते.

"एकीनेच थांबा," नर्स म्हणाली. "आई कोण?"

बहीण पुढे झाली, तोच पोर कुजबुजली, "मोठी आई, नाक खाजतंय गं... आणि ओठांना मुंग्या येतायत."

ताईचा हात आपोआप पोरीच्या नाकाशी गेला. यंत्रातल्या औषधाने मुंग्या येतात, असं म्हणत नर्सने कॅल्शियमची गोळी दिली. बहीण मात्र दोन पावलं मागे सरली.

"आई हीच आहे," ती कशीबशी नर्सला म्हणाली. "मी नुसता जन्म दिला... ताई, मी तिला कधीच परत मागणार नाही. तो हक्क मीच घालवलाय!"

सहा वर्षं मनात घोळवून ठेवलेलं जहरी उत्तर ताईच्या ओठांवर आलंच नाही. बहीण दाराकडे वळली होती.

"सिस्टर, हिलाही राहू द्या. एक स्टूल पुरेल हिला," ताई तुटकपणे म्हणाली. मग बहिणीकडे वळून, "आणि तू! ते मुसमुसणं आधी बंद कर. हा ओला रुमाल घे, तिचं कपाळ पूस... अगं हळू! सुईला धक्का लागेल."

रुमाल घेतलेला बहिणीचा हात कपाळावर आला. पोरीने डोळे उघडून पाहिलं... आणि तो झिडकारला नाही.