उरलेली सात अक्षरं

दादा गेला तेव्हा त्याच्या फाँटमधली सात अक्षरं व्हायची राहिली होती. ती पुरी करायचं काम धाकटीकडे आलं. ती त्याची बहीण. बारा वर्षं त्याच्याच खोलीत, समोरच्या टेबलावर अक्षरं काढत आलेली. फाँट एका नव्या इस्पितळासाठी होता. दारांवरच्या पाट्या, लिफ्टची बटणं, यंत्रांचे पडदे. नुसती वर्तुळं आणि सरळ रेषा, वर शिरोरेषाही नाही. उद्याच्या जगातली अक्षरं, असं दादा म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

पहिल्या दिवशी तिने ‘ळ’ काढला. दोन नेमके गोल. जेवून आली, तर उजवा गोल केसभर चपटा झालेला. आपलाच हात लागला असेल, म्हणून तिने तो नीट केला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा तेच. फाइल कुणी उघडल्याची नोंद नव्हती. पण ‘ळ’ आता खरोखरच डोळ्यांत भरत होता. नेमका गोल पोट सुटल्यासारखा दिसतो, डोळ्याला थोडं फसवावं लागतं, हे दादाचं नेहमीचं पालुपद.

धाकटीने कुणाला काही सांगितलं नाही. ती मुद्दाम चुका ठेवू लागली. ‘ठ’ जरा मोठा, ‘ढ’ जरा कललेला. जेवायला उठली की दार ओढून घ्यायची, घास कसेबसे गिळायची. परत येईतो चूक दुरुस्त झालेली असायची. महिनाभर ती त्या अर्ध्या तासासाठी जगली. इस्पितळाचे फोन टाळत राहिली.

शेवटी वहिनी आली.

“दे ना गं पाठवून. त्याचं काम दारांवर लागलेलं एकदा बघू दे मला.”

“अजून थोडे दिवस, वहिनी.”

“किती दिवस धरून ठेवणार आहेस त्याला?”

धाकटीने फाँट पाठवला. पाट्या लागल्या तेव्हा दोघी बघायला गेल्या. वहिनी एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली.

काम संपलं होतं. तरी धाकटी रोज जुनी फाइल उघडून एक चूक ठेवायचीच. दुरुस्त्या आता उशिरा येऊ लागल्या. मग अर्धवट. मग रेषा थरथरायला लागल्या. एका दुपारी ‘ग’चा दांडा डाव्या बाजूला होता.

दादा विसरत चालला होता.

दुसऱ्या दिवशी तिने एकही चूक ठेवली नाही. कोऱ्या पानावर, त्याच्याच अक्षरांत, त्याचं नाव मोठं टाइप केलं आणि दार ओढून घेतलं.

परत आली. नाव तसंच होतं, कुठेही हात लागलेला नव्हता.

खाली, थरथरत्या रेषेत, एक प्रश्नचिन्ह होतं.