शेपूट गळणारी संख्या

"काल सहा आकडे, आज पाच. उद्या काय, चारांत भागवणार?"

भालदार पुटपुटला. चंद्रावरच्या वस्तीत भाजीच्या काचघराचं दार राखणारा हा यंत्रमानव. हळू बोलणं त्याला जमतच नसे. आजोबांचा हात धरून आत शिरणाऱ्या केतकीने ते नेमकं ऐकलं. एके काळी गणित शिकवणारे आजोबा मेथीच्या वाफ्याकडे वळले, तशी ती परत दारापाशी आली.

"भालदार, आजोबांची दाराची संख्या ७,३९,३९,१३३ ना? आज ते ७३,९३९च म्हणाले. तरी तू दार उघडलंस?"

"मला त्यांनी एकच नियम घालून दिलाय. सांगितलेली संख्या मूळ असली (म्हणजे १ आणि ती स्वतः, एवढ्यांनीच तिला निःशेष भाग जात असला), की दार उघडायचं. १५ला ३ने भाग जातो, ५नेही जातो. १५ म्हणणाऱ्याला मी दारात उभं करत नाही."

"मग कुणीही ७ म्हणून आत येईल की!"

"येऊ दे. चंद्रावर मेथी चोरून पळणार कुठे?"

केतकी खुदकन हसली. "आणि ७३,९३९ मूळ आहे?"

"आहे. शेवटचा आकडा पूस. ७,३९३. मूळ. परत पूस. ७३९. तीही मूळ. मग ७३."

"थांब, ७३ मी बघते." काचेवर साचलेल्या दवात तिने बोटाने भागाकार मांडले. २ने जाईना, ३ने जाईना, ५ने नाही, ७नेही नाही. "आता ११?"

"नको. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, ७३च्या कितीतरी पुढे. ११ने किंवा आणखी मोठ्या संख्येने भाग गेला असता, तर गुणाकारातला तिचा जोडीदार ११हून लहान निघाला असता. आणि लहान तर तू तपासल्यास."

"म्हणजे ७३ मूळ! मग उरला ७. तोही मूळ!"

"उजवीकडून एकेक आकडा गळत गेला, तरी उरलेली संख्या मूळच. अशा संख्यांत आजोबांची ती आख्खी आठ आकडी संख्या सर्वांत मोठी."

केतकीने मेथीच्या वाफ्याकडे पाहिलं. घरी सगळे म्हणत, आजोबा थकलेत. आई म्हणे, झोप झाली नसेल.

भालदार पहिल्यांदाच हळू बोलला. "७सुद्धा गेला, तर मला दार बंद ठेवावं लागेल. मला ते करायचं नाहीये गं."

"तेव्हा मी म्हणेन. आख्खी संख्या. मला पाठ आहे."

वाफ्याआड कुणीतरी खाकरलं. हातात मेथीची जुडी घेऊन आजोबा उभे होते.

"आजोबा, तुम्ही मुद्दाम हीच निवडलीत?"

"डॉक्टरांकडून आलो ना, त्याच दिवशी." त्यांनी जुडी तिच्या ओंजळीत ठेवली. "मी विसरायला लागलोय, केतके. घरात कुणी म्हणत नाही, म्हणून मीच म्हणतो. चल, वाफ्यांना पाणी कसं सोडायचं, ते आज तुला दाखवतो."