काशीरामचा अंगठा

माणसाच्या बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात उमटतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत, हे मी पुण्याला ठशांचं काम शिकताना पाठ केलं होतं. त्याच भरवशावर १९३२ साली रत्नागिरीच्या कोर्टाने मला बोलावलं.

पूर्णगडचा काशीराम आगबोटीवर खलाशी होता. १९१९ साली बोट बुडाल्याची खबर आली. तेरा वर्षांनी तो दारात उभा राहिला. बायकोने, मथुरेने, त्याला घरात घेतलं. धाकटा भाऊ सखाराम म्हणाला, हा तोतया. तसं ठरलं असतं तर त्याला तुरुंग होता आणि मथुरेला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

काशीरामने १९१८ साली एक दस्त नोंदवला होता. त्याचा अंगठा नोंदणी कचेरीच्या पुस्तकात होता. तिथले म्हातारे कारकून लवूभाऊ ते पुस्तक घेऊन आले.

भर दुपारी खिडकीपाशी मी काशीरामचा नवा ठसा घेतला. हात गार होता. दोन्ही ठसे भिंगाखाली धरले. चक्र तेच, फाटे तेच. चौदा खुणा जुळल्या. मधोमध जखमेची आडवी पांढरी रेघ, तीही दोन्हीकडे.

"हे कधी कापलं?" मी सहज विचारलं.

"रंगूनला, साहेब. लाकडाच्या गिरणीत. तीन वर्सं झाली."

मी पुस्तकातली १९१८ सालची तारीख पुन्हा वाचली.

कोणी ठसा बदलला म्हणावं, तर त्या ठशावरच तेव्हाच्या रजिस्ट्रारने सही ओढलेली होती. ते गृहस्थ १९२१ सालीच वारले, असं लवूभाऊ म्हणाले.

कोर्टात मला एवढंच विचारलं, ठसे एकाच माणसाचे का? मी हो म्हणालो. ते खरंच होतं.

निकाल लागला. सखाराम खाली मान घालून निघून गेला. मथुरा पायरीवरच बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. नवऱ्याचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.

"मी वळखलंच होतं," ती म्हणाली. "लोकांना कागूद लागतो."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आजही त्या साक्षीचा मला पस्तावा नाही.

संध्याकाळच्या आत पुस्तक परत केलं. लवूभाऊंनी पान उघडून त्या ठशावरून बोट फिरवलं. मग ते बोट उजेडात धरून धोतराला पुसलं.

धोतरावर ओल्या शाईचा काळा ओरखडा उमटला.