पिवळा पडलेला चेंडू

साल २०४१, मार्च महिना. अमरावतीच्या क्रीडाद्रव्य प्रयोगशाळेत डॉ. सुनंदा तिडके यांनी एका मडक्यावर बटणाएवढी चकती चिकटवली आणि चेंडूफेक यंत्र सुरू केलं. बेसबॉलचा चेंडू सुसाट आला, मडक्याला लागला आणि कणकेच्या गोळ्यासारखा खाली पडला. मडकं शाबूत!

"बाप्पा!" नियम समितीचे डॉ. बोपचे म्हणाले. "हे कसं काय जमवलं?"

"चेंडूच्या गाभ्यात पालटद्रव्य आहे. एरवी ते घट्ट असतं. ही चकती बॅटरच्या शिरस्त्राणात बसवायची, तिच्यातून शिरोसंकेत निघतो. चेंडू डोक्यापासून वीतभर अंतरावर आला की द्रव्य मऊ पडतं, चेंडूचा जोर आतल्या आत जिरतो. खूण म्हणून चेंडू पिवळाही होतो."

बोपचे हरखले. मुलांच्या सामन्यात चेंडू वापरून बघायचा आणि तो सक्तीचा करायचा की नाही, ते मैदानावरच ठरवायचं, असं ठरलं.

त्या निर्णयाची सगळ्यांत जास्त वाट बघत होती अकरा वर्षांची रेणुका गावंडे. तेव्हा आख्ख्या संघात दोनच शिरस्त्राणं असत. मोठी होतात म्हणून पोरी आत रुमाल कोंबत. आदल्या वर्षी तेच ढिलं शिरस्त्राण सरकलं आणि चेंडू रेणुकाच्या कानशिलावर बसला. तिची आई, शोभाताई, हिने बजावलं होतं, "नवा चेंडू मंजूर झाला तर खेळ. नाहीतर आज शेवटचा सामना."

सामना असा रंगला की बघे कुंपणावर चढले. शेवटची इनिंग, धावा बरोबरीत, तिसऱ्या बेसवर मैत्रीण तयार, आणि बॅट रेणुकाच्या हाती!

"ए, मागच्या वर्षीसारखा मार खाशील पुन्हा!" समोरच्या संघातून कोणीतरी डिवचलं.

पिचरने चेंडू फेकला. रेणुकाने बॅट आडवी धरली आणि डोकं थेट बॅटला टेकवलं. शोभाताई किंचाळल्या. चेंडू पिवळा झाला, बॅटवर थप्पकन आपटला आणि तिथेच पडला. कॅचर तो उचलेपर्यंत मैत्रीण बॅटरसमोरच्या होम प्लेटवर पोचली, धाव झाली. जिंकलो! पोरींनी रेणुकाला खांद्यावर घेतलं.

बोपचे मात्र गंभीर झाले. "तिडके मॅडम, हा चेंडू मंजूर करता येणार नाही."

"का? एकाही मुलीला खरचटलंसुद्धा नाही."

"आजवर पोरं डोकं वाचवत होती. उद्यापासून सगळी पुढे करतील. चेंडू मऊ होऊन तिथेच पडतो आणि धाव मिळते, त्यात फायदा आहे ना! आणि संध्याकाळी गल्लीत साधाच चेंडू असतो. सवय तिथे बदलणार आहे का?"

शोभाताईंनी मुलीची पिशवी उचलली. "चाल घरी."

रेणुका खांद्यावरून खाली उतरली. "सर, मला बाद द्या."

"काय?"

"चेंडू पिवळा झाला की बॅटर बाद, असा नियम करा. मग कोण कशाला डोकं घालते?"

"वा! मग पिचर मुद्दाम डोक्यावरच फेकेल."

आता सुनंदांचे डोळे चमकले. "पिवळा कुठे झाला ते दिसतं ना! चेंडू प्लेटवरूनच जायला हवा; तिथे पिवळा झाला तर डोकं बॅटरने आत घातलं, ती बाद. प्लेटबाहेर झाला तर चूक पिचरची. बॅटरला पहिला बेस फुकट."

बोपचे मोठ्याने हसले. "आणि आजची धाव?"

"प्लेटवरच पिवळा झाला होता," रेणुका म्हणाली. तिच्या मैत्रिणींनी कपाळावर हात मारला.

धाव रद्द झाली. बरोबरी उरली म्हणून झालेल्या जादा डावात रेणुकाचा संघ हरला, आणि चेंडू मंजूर झाला.

पुढे सुनंदा तिडके यांनी क्रिकेटसाठी असाच चेंडू करायला घेतला. तो त्यांच्या हयातीत झाला नाही. बोपचे निवृत्तीनंतर नातवंडांना अंगणात साधा चेंडू आला की वाकून डोकं वाचवायला शिकवत राहिले. रेणुका राज्याच्या संघात खेळली, मग नागपूरला शिक्षिका झाली. आणि शोभाताई? प्रत्येक सामना कुंपणाला धरून बघता बघता त्या पंच झाल्या. प्लेटवर वाकलेलं डोकं त्यांच्या नजरेतून कधीच सुटलं नाही. पहिल्याच सामन्यात त्यांनी बाद दिलं, ते पोटच्या पोरीला.