सात नंबरच्या प्रेसचा पडदा

जेवणाची सुट्टी झाली तशी शू-युन खिशातलं मऊ फडकं काढून पत्रा ठोकणाऱ्या सात नंबरच्या प्रेसकडे निघाली. काम साधंच होतं. पडद्याच्या काचा पुसायच्या.

पडदा म्हणायचा, पण कापड कुठलं! प्रेसच्या तोंडाशी डाव्या-उजव्या बाजूला दोन खांब. एका खांबात सोळा बारीक दिवे, डोळ्याला न दिसणारा प्रकाश फेकणारे. समोरच्या खांबात नखाएवढे सोळा सेल. सेलवर प्रकाश पडत राहिला की त्यातून वीज वाहते. मध्ये हात आला की प्रकाश तुटतो, वीज थांबते आणि ऐंशी टनी प्रेसचा ठोकळा जिथल्या तिथे अडतो. रस्त्यावरचे दिवे अंधारून आल्यावर आपोआप लागतात, तेही अशाच सेलच्या जिवावर. जर्मनीत सहा वर्षं शिकताना शू-युननं अशा पडद्यांपाशी म्हातारी झालेली माणसं पाहिली होती, दहाही बोटं शाबूत असलेली. आणि इथे, चांगह्वा शहरातल्या या बिजागऱ्यांच्या कारखान्यात, तिच्या स्वतःच्या वडिलांच्या कारखान्यात... तिला लाज वाटायची. त्यासाठीच तर ती परतली होती.

पण पडदे बसवून अकरा दिवस झाले तरी सात नंबर मध्येच थांबायची. मध्ये कुणाचा हात नसताना. बाकीच्या सहा प्रेस मुकाट चालायच्या.

"पूस, पूस," पाय आडनावाचा मिस्त्री भाताचा घास कोंबत म्हणाला. "जर्मनीचं फडकं दिसतंय. आमच्या चिंध्यांना नसतं जमलं!"

दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

"मिस्त्रीकाका, मशीनपाशी धूप तुम्हीच लावलात ना? धूर काचेवर बसतो. त्यामुळेच..."

"आज चांद्र महिन्याची सोळावी. भटक्या जिवांना धूप नाही दाखवायचा, तर काय तुझं सर्टिफिकेट जाळायचं?" मिस्त्रीचा आवाज खाली आला. "इथल्या आ-काय कामगाराचा हात याच मशीननं घेतला. मनगटापासून. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही बिचारा. तो येऊन आपला हात चाचपतो आणि तुझा पडदा बोंबलतो. काढून टाक तो."

सात नंबर चालवणारी स्यू-ल्वान मावशी मान खाली घालून सूप पीत होती. तिचे हात दिवसाकाठी चार हजार वेळा त्या जबड्यात जात. हात बाहेर काढून पायानं पेडल दाबलं की ठोकळा खाली येई.

"राहू दे की रे, मिस्त्री," ती हळूच म्हणाली. "मला धीर असतो त्याचा."

"तुझ्या धीरानं माल निघतो का?"

शू-युनचे वडील दारातूनच म्हणाले, "आ-युन, दुपारनंतर एकदा जरी मशीन थांबलं, तर पडदा निघेल. माझ्याशी वाद नको."

साडेबाराला दिवे मालवले, शटर अर्धं ओढलं. कुणी बाकावर डोकं टेकून, कुणी पुठ्ठ्यावर आडवं होऊन, सगळे रोजच्यासारखे झोपी गेले. एवढ्या मोठ्या शेडमध्ये नुसते श्वास ऐकू येत होते. तेलाचा, धुपाचा, थंड लोखंडाचा वास दाटून आला होता.

शू-युननं काचा लख्ख पुसल्या. मोटर बंदच ठेवून फक्त पडदा चालू केला. खांबावरचा खुणेचा दिवा हिरवा झाला.

मग लाल.

समोर कुणी नव्हतं. सेल तर तिनं सकाळीच बदलले होते. तिला आठवलं, डोळ्याला न दिसणारा तो प्रकाश मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. सेलच्या खांबाला टेकून तिनं मोबाइल समोरच्या दिव्यांवर रोखला. स्क्रीनवर जांभळ्या ठिपक्यांची उभी ओळ उमटली.

ओळीत मधले चार ठिपके नव्हते.

तिनं मोबाइलवरून नजर काढून पाहिलं. मोकळी हवा. पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. खालचा एक ठिपका उजळला, वरचा एक विझला. मग आणखी एक. आंधळ्यानं भिंत चाचपावी तसं काहीतरी वर सरकत होतं... सावकाश.

"आ-कायकाका?" तिनं हळूच विचारलं. "तुम्ही... मावशीला वाचवताय ना?"

सरकणं थांबलं.

आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. अकरा दिवसांची नोंद तिला तोंडपाठ होती. प्रेस थांबली ती प्रत्येक वेळी मावशीचे हात बाहेर असताना. तेव्हा वाचवायचं काहीच नसतं. हे कुणाला वाचवत नव्हतं. माणसांनी वैतागावं आणि आपल्या हातानं पडदा काढावा, याची ते वाट पाहत होतं.

मागे खट्ट वाजलं.

"डोकं उठवलंय या लाल दिव्यानं," पाय मिस्त्री जांभई देत म्हणाला. त्यानं पॅनेलवरची किल्ली फिरवली होती. आता सेलनं काहीही सांगितलं तरी मशीन ऐकणार नव्हतं. तेवढ्यात दीडची घंटा झाली, दिवे लागले, मोटर घरघरली. झोपेतून उठलेली मावशी स्टुलावर बसली आणि सवयीनं पत्रा घेऊन तिचे हात आत गेले.

"मावशी!"

शू-युननं तिची कॉलर धरून तिला मागे खेचलं. दोघी जमिनीवर आदळल्या. त्याच क्षणी ठोकळा खाली आला. मावशीच्या हातमोज्याचं एक टोक साच्यात चपटं झालं होतं.

मावशीनं दहाही बोटं हलवून पाहिली.

"मी पेडल दाबलंच नव्हतं..." ती पुटपुटली. "आ-युन, माझे दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर होते गं..."

पाय मिस्त्रीचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं किल्ली उलटी फिरवली, काढली आणि शू-युनच्या हातात ठेवली. वडील धावत आले, साच्यातला हातमोजा पाहून तिथेच उभे राहिले.

"पडदा राहील," ते म्हणाले.

सुट्टी होईपर्यंत सात नंबर एकदाही थांबली नाही. मोबाइलमध्ये सोळाही ठिपके पेटलेले. जे होतं, ते तिथून निघून गेलं होतं.

संध्याकाळी शू-युन घराच्या इमारतीत शिरली, लिफ्टमध्ये गेली, नववा मजला दाबला. आत ती एकटीच होती. दार मिटू लागलं, अर्ध्यावर आलं आणि पुन्हा उघडलं. कुणाचं बोट चेमटू नये म्हणून या दाराच्या कडेलाही सेलची ओळ असते. बाहेर रिकामी फरशी. दार पुन्हा मिटू लागलं. पुन्हा उघडलं.

तिसऱ्या खेपेला ते न अडता मिटलं. उंबऱ्यात आता कुणी उभं नव्हतं; आत ती एकटी राहिली नव्हती.

शू-युननं दोन्ही हात काखेत गच्च दाबून धरले. लिफ्ट वर निघाली.